चार चाकांचें एकमत

ज्या शेतकऱ्याच्या दावणीला बैलजोडी आहे, त्यास जोडीचें महत्त्व कोणीं शिकवावें लागत नाहीं. एका जुवाखालीं एक तरणा खोंड व दुसरा थकलेला बैल जुंपिला, तर काम निम्म्यावर येतें. शिवाय थकलेल्याची मान सोलते व तरण्याची चाल बिघडते. सुतारानें गाडीचीं दोन चाकें करून दिलीं आणि त्यांतील एक बोटभर लहान निघालें, तर आपण तें त्याच दिवशीं परत करतों. परंतु हाच जाणता शेतकरी चारही चाकांस इंजिनाचा जोर मिळणारी जीप किंवा ट्रॅक्टर दारांत उभा करितो, तेव्हां ही शहाणीव कोठें जाते कोण जाणे! एका चाकावर नवा टायर, दुसऱ्यावर घासून गुळगुळीत झालेला, तिसऱ्यावर दुसऱ्याच मापाचा, आणि चौथ्यावर पंक्चरवाल्यानें स्वस्तांत दिलेला, असा बेमेळ संसार सर्रास दृष्टीस पडतो. त्यांत अलीकडे तरुण मंडळींस चाकें बाहेर सरकविण्याची हौस जडली असून, त्यासाठीं स्पेसर नांवाच्या जाड चकत्या हब व चाक यांच्यामध्यें घालण्यांत येतात. माझें स्पष्ट मत असें आहे कीं, यांतील पहिली गोष्ट खोटी काटकसर असून दुसरी खोटी ऐट आहे. आणि दोहोंची किंमत पुष्कळदां ज्यानें ती केली त्याला नव्हे, तर गाडींत बसलेल्या भलत्याच माणसाला भरावी लागते.

प्रथम या गाड्यांची रचना पाहूं. दुसऱ्या महायुद्धांत जगभर गाजलेली विलीस जीप मुंबईंत महिंद्र कंपनीनें १९४७ सालापासून जुळविण्यास आरंभ केला. पुढें १९८५ सालीं मारुतीची जिप्सी व २०१० सालीं महिंद्राची थार आली. चारही चाकांस जोर असलेल्या या गाड्यांची मुख्य रचना एकाच जातीची आहे. एरव्हीं गाडी मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालते. चिखल, वाळू किंवा चढण आली म्हणजे चालकानें छोटा दांडा ओढून पुढच्या चाकांसही जोर द्यावयाचा, आणि अडचण सरली कीं तो काढावयाचा. हा जोर प्रसंगापुरता आहे. तो नित्याचा नव्हे.

गाडी वळते तेव्हां बाहेरच्या बाजूचें चाक अधिक अंतर चालतें व आंतल्या बाजूचें कमी चालतें. हा फरक सामावून घेण्यासाठीं एकाच आंसावरील दोन चाकांच्या मध्यें डिफरन्शियल नांवाची दंतचक्रांची पेटी असते. ती दोन्ही चाकांस जोर देते आणि वेगवेगळ्या गतीनें फिरण्याची मोकळीकही देते. परंतु वर सांगितलेल्या गाड्यांत पुढचा आंस व मागचा आंस यांच्या दरम्यान अशी मोकळीक देणारी पेटी नसते. छोटा दांडा ओढला कीं पुढचा व मागचा प्रॉपेलर शाफ्ट ट्रान्स्फर केसमध्यें एकमेकांस जखडले जातात. एकानें जितके फेरे घ्यावे, तितकेच दुसऱ्यानेंही घेतले पाहिजेत. त्यांत एकाचा दाणाभरही अधिक किंवा उणा चालत नाहीं.

आतां पुढें नवे टायर व मागें झिजलेले टायर असले, तर काय होतें याचा हिशेब करूं. नव्या टायरसह चाकाचा व्यास ७७ सेंटिमीटर धरला, तर त्याचा घेर सुमारें २४२ सेंटिमीटर होतो, व एक किलोमीटर चालण्यास तें चाक सुमारें ४१३ फेरे घेतें. त्याच मापाचा टायर ७ मिलिमीटर झिजला, तर व्यास ७५.६ सेंटिमीटर उरतो, आणि त्याच किलोमीटरास ४२१ फेरे लागतात. म्हणजे दर किलोमीटरास साडेसात फेऱ्यांचें भांडण झालें. आंसावरील दंतचक्रांचें प्रमाण चारास एक असलें, तर शाफ्टाच्या ठिकाणीं हेंच भांडण तीस फेऱ्यांचें होतें. सात मिलिमीटर म्हणजे बोटाच्या नखाएवढीही जाडी नव्हे. पण ती किलोमीटरामागून किलोमीटर सांचत जाते.

जमीन मऊ असेल तर हा ताण आपोआप मोकळा होतो. कोणतें तरी चाक चिखलांत जरासें घसरतें व हिशेब फिटतो. परंतु डांबरी अथवा सिमेंटच्या कोरड्या रस्त्यावर टायर घसरूं शकत नाहीं. मग तो ताण शाफ्टांत, जॉइंटांत, दंतचक्रांत व त्यांच्या बेअरिंगांत, घड्याळाची कमान आवळत जावी तसा, आवळत जातो. गाडी जड ओढूं लागते, वळतांना झटके देते, टायर कुरकुरतात, आणि छोटा दांडा परत सारूं गेल्यास तो हलत नाहीं. अशा वेळीं दांड्यावर पाय देऊन जोर करूं नये. गाडी थोडी मागें घ्यावी, म्हणजे ताण उतरतो. सारख्या टायरांच्या गाडीसही कोरड्या रस्त्यावरील वळणांत असा ताण पडतोच; बेमेळ टायरांमुळें तो सरळ वाटेवरही अखंड पडत राहतो, हा भेद ध्यानांत ठेवावा.

हें सर्व मी पुस्तकी पांडित्यानें लिहीत नाहीं. २०१७ सालच्या पावसाळ्याच्या तोंडीं माझ्या धाकट्या बंधूंच्या जीपचे चारही टायर बदलण्याजोगे झाले होते. महसूल खात्यांत जन्मभर आंकड्यांची बेरीज केलेला मनुष्य म्हणून त्यांनीं मला विचारलें. आणि मींच कागद-पेन्सिल घेऊन त्यांस हिशेब करून दिला कीं, यंदा दोनच घ्यावे, उरलेले दोन पुढल्या वर्षीं पाहतां येतील. नवे टायर पुढें बसले. मळ्याची वाट चिखलाची, म्हणून चालक छोटा दांडा ओढी. आणि परतीच्या डांबरी रस्त्यावर तो परत सारण्याचें त्यास सुचत नसे. तीन महिन्यांत दांडा अडकूं लागला, व नवरात्राच्या सुमारास ट्रान्स्फर केसमधून खडखडाट ऐकूं येऊं लागला. पेटी उघडली तेव्हां दंतचक्रांचे दांते तुटलेले निघाले. ऐन सोयाबीनच्या काढणींत गाडी तीन आठवडे कारखान्यांत पडून राहिली, आणि दोन टायरांत जें वांचविलें होतें त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम दुरुस्तींत गेली. माझ्या बेरजेंत चूक नव्हती. पण जी रक्कम मांडावयाची तीच मीं मांडली नव्हती.

येथें कोणी म्हणेल कीं, आमच्या वडिलांनीं जुन्या जीपला मिळेल तो टायर चढविला व गाडी तीस वर्षें चालली. हें खोटें नाहीं. परंतु त्या काळीं वाट मातीची होती, वेग बेताचा होता, आणि मातीच क्षणोक्षणीं तो ताण उतरवीत होती. आज शेताच्या बांधापर्यंत डांबर आलें आहे. दुसरें असें कीं, पुढच्या आंसाचा जोर काढलेला असला, तर पुढच्या व मागच्या टायरांतील फरकानें ट्रान्स्फर केसला अपाय होत नाहीं, हें मी मान्य करतों. परंतु एकाच आंसावर दोन भिन्न घेरांचे टायर असले, तर डिफरन्शियलच्या लहान चक्रांस सरळ रस्त्यावरही विसांवा मिळत नाहीं. तीं केवळ वळणापुरतीं फिरण्यासाठीं केलेलीं असतात. ब्रेक दाबला असतां एका बाजूची पकड अधिक व दुसरीची कमी पडून गाडी तिरपी ओढते, तें निराळेंच. नव्या गाड्यांतील ब्रेकची विद्युत्-यंत्रणा तर प्रत्येक चाकाच्या गतीवरून निर्णय घेते; तिला एक चाक नेहमींच निराळ्या गतीनें फिरतांना दिसलें, तर तिनें काय समजावें?

ट्रॅक्टरच्या बाबतींत ही गोष्ट अधिकच नाजूक आहे. द्राक्षबागांत व फळबागांत जे लहान फोर-व्हील ट्रॅक्टर फिरतात, त्यांचीं पुढचीं चाकें लहान व मागचीं मोठीं असतात. म्हणून दोहोंच्या घेरांचा मेळ दंतचक्रांच्या प्रमाणानें आधींच बसविलेला असतो. पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां किंचित् पुढें धांवतील, म्हणजे शेंकडा एक ते पांच इतकी आघाडी त्यांस राहील, अशी ही योजना असते; त्यायोगें पुढची चाकें गाडी ओढतात व मागची ढकलतात. आपण मागें नवे व मोठ्या मापाचे टायर घातले आणि पुढें झिजलेले तसेच ठेविले, तर ही आघाडी नाहींशी होते. मग पुढचीं चाकें ओढण्याच्या ऐवजीं फरफटत जातात व तोच जोर उलट्या दिशेनें दंतचक्रांवर बसतो. याच्या उलट केलें तर आघाडी फाजील वाढून पुढचे टायर खवणीवर नारळ घासावा तसे घासले जातात. उसाची ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्यानें साखर कारखान्याकडे जातांना पुढचा जोर चालूच ठेवणारे चालक मीं पाहिले आहेत. त्यांचे पुढचे टायर लौकर संपतात आणि दोष टायर करणाऱ्यास मिळतो. ट्रॅक्टरचे टायर बदलतांना कारखान्याच्या पुस्तकांत दिलेली पुढच्या-मागच्या मापांची जोडी मोडूं नये, आणि एका आंसावर रेडियल व दुसऱ्यावर साध्या बनावटीचा टायर अशी खिचडी करूं नये.

आतां स्पेसरांविषयीं. यांचा जन्म बहुधा टायरांच्या हौसेंतूनच होतो. मूळ मापापेक्षां रुंद टायर घेतला कीं तो आंतल्या बाजूस कमानीस किंवा स्टिअरिंगच्या भागास घासूं लागतो. मग चाक बाहेर सरकविण्यासाठीं तीन-चार सेंटिमीटर जाडीची चकती घालण्यांत येते. एका चुकीच्या पोटीं दुसरी जन्मते ती अशी. चाकांमधील रुंदी वाढल्यानें गाडी आडवी होण्याचा संभव किंचित् कमी होतो, असें जें या चकत्यांचे कैवारी म्हणतात, तें अगदींच निराधार नाहीं. परंतु तेवढ्या लाभासाठीं काय गमावतों, तें पाहिलें पाहिजे.

हबमधील बेअरिंगें अशा ठिकाणीं बसविलेलीं असतात कीं, चाकावरील भार त्यांच्या मधोमध किंवा त्याच्या जवळपास पडावा. समजा, एका चाकावर ४५० किलोग्रॅम भार आहे आणि चाक ३ सेंटिमीटर बाहेर गेलें. तर एक मीटर लांबीच्या पहारीच्या टोकास साडेतेरा किलोग्रॅम वजन टांगल्यानें जी पिळवणूक व्हावी, तितकी अधिक पिळवणूक त्या हबला अष्टौप्रहर सोसावी लागते. आणि ही झाली गाडी उभी असतांनाची गोष्ट. खड्ड्यांत आदळतांना हा आंकडा कित्येक पटींनीं वाढतो. पुढच्या चाकांस स्पेसर घातले, तर चाक ज्या रेषेभोंवतीं वळतें त्या रेषेपासून तें दूर जातें. म्हणून दगडावर चाक चढतांच स्टिअरिंगला हिसका बसतो व तें हातांतून सुटूं पाहतें. बैलगाडीचा आंस तुंब्याबाहेर वीतभर लांब ठेवून त्याच्या टोकाशीं चाक बसविणारा सुतार आपण शहाणा म्हटला नसता.

याहून मोठा धोका स्टडांचा आहे. चाक हबवर टिकतें तें नटांनीं घट्ट आवळल्यामुळें उत्पन्न होणाऱ्या पकडीनें. शिवाय कित्येक गाड्यांत चाकाच्या मधलें भोंक हबच्या कडेवर नेमकें बसून चाकास मध्यावर धरतें. साधी चकती मध्यें घातली, तर स्टडाची तितकी लांबी खर्च होते व नटाच्या वाट्यास थोडेच आटे येतात. स्वतःचे निराळे स्टड असलेली चकती घेतली, तर सैल होण्याजोग्या नटांची एक रांग होती तिथें दोन होतात, आणि आंतली रांग चाक काढल्यावांचून दिसतही नाहीं. चकती हबच्या कडेवर नेमकी बसणारी नसेल, तर चाकाचा मध्य चुकतो व सगळा हादरा स्टडांवर येतो. हलक्या धातूची, कोणी केली हें न लिहिलेली चकती बाजारांत मुबलक मिळते. ती किती भार सोसेल, हें विकणाराही सांगूं शकत नाहीं.

याचें प्रत्यंतरही आमच्याच घरीं आलें. २०१८ सालीं माझ्या पुतण्यानें त्याच जीपला रुंद टायर व चारही चाकांस स्पेसर चढविले. गाडी दिसूं लागली मोठी ऐटबाज, आणि मीं तोंड उघडलें नाहीं; कारण मागल्या सालच्या हिशेबाची मला लाज वाटत होती. भातलावणीच्या दिवसांत पांच बायका घेऊन गाडी ओढ्याच्या उताराला लागली असतां मागचें डावें चाक, स्टड तुटून, निखळलें व ओढ्यांत जाऊन पडलें. गाडी कलंडली, उलटली नाहीं, हें दैव. पण एका बाईचें मनगट मोडलें. तिचे ते दिवस लावणीचे, म्हणजे वर्षाच्या कमाईचे होते. बंधूंनीं दवाखान्याचा खर्च केला व तिच्या दोन महिन्यांच्या रोजाचे पैसे घरीं नेऊन दिले. तिनें ते घेतले आणि म्हणाली, "दादा, गाडी सरळ होती तंवर बरी होती." एवढ्या एका वाक्यांत जें होतें, तें माझ्या साऱ्या टिपणांत नव्हतें.

कायदाही येथें मुका नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीच्या दाखल्यांतील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरबदल मालकानें वाहनांत करावयाचा नाहीं. आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही या कलमाचा अर्थ कडकपणें लाविला. स्पेसर हा शब्द त्या कलमांत नाहीं, हें खरें. परंतु अपघात झाल्यावर विमेदारानें हरकत घेण्यास मूळ रचनेंतील असा फेरबदल आयती जागा करून देतो. सरकारी दप्तरांत आयुष्य घालविलेल्या मनुष्याचा एवढा सल्ला ऐकावा कीं, वाद उत्पन्न झाल्यावर शब्दाची फोड करीत बसण्यापेक्षां, वादाचें कारणच दारांत उभें करूं नये.

मग शेतकऱ्यानें करावें काय? चारही टायर एकदम घेणें जड जातें, हें मला ठाऊक आहे. म्हणूनच ते सारखे झिजतील अशी व्यवस्था पहिल्या दिवसापासून ठेवावी. जीपचीं पांचही चाकें, म्हणजे स्टेपनीसुद्धां, पुस्तकांत दिलेल्या क्रमानें फिरवीत राहावीं. त्यामुळें सर्व टायर एकाच सुमारास संपतात व एका टायरास इजा झाली तर त्याच वयाची स्टेपनी हाताशीं असते. दोनच टायर घेणें भाग पडलें, तर ते एकाच आंसावर बसवावे, आणि पुढचा जोर चिखलापुरताच, तोही थोडा वेळ, वापरावा. जी गाडी चारही चाकांस सदैव जोर देते, तिच्यांत मात्र ही सवलत घेऊं नये. निराळ्या मापाची स्टेपनी चढवावी लागली, तर मूळ चाक दुरुस्त होईपर्यंत छोट्या दांड्यास हात लावूं नये.

घेर मोजण्यास यंत्र लागत नाहीं. चारही टायरांत पुस्तकाप्रमाणें हवा भरावी, सपाट जागीं गाडी उभी करावी, प्रत्येक टायरच्या तळाशीं व त्याखालच्या जमिनीवर खडूची खूण करावी, आणि गाडी सरळ ढकलून चाकाचा एक फेरा पुरा झाला म्हणजे जमिनीवर पुन्हां खूण करावी. दोन खुणांमधील अंतर टेपानें मोजावें. दोन चाकांत बोटभर जरी फरक निघाला, तरी तें भांडण वर सांगितल्याप्रमाणें किलोमीटरागणिक वाढणार, हें समजावें. टायरच्या बाजूस जे शेवटचे चार आंकडे असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवितात. २३२१ असें असेल, तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत झाला. मोटारीच्या टायरच्या खांचेंत जे लहान उंचवटे असतात, त्यांच्या बरोबरीनें रबर आलें म्हणजे खांच अवघी १.६ मिलिमीटर उरली व टायरचें आयुष्य संपलें.

ही सर्व माहिती एका वहींत उतरावी. सातबाराचा उतारा आपण जपून ठेवतों. त्यांत जमिनीचा इतिहास असतो म्हणून. तसाच प्रत्येक टायरचा उतारा असावा: केव्हां घेतला, कोणत्या चाकावर बसविला, केव्हां फिरविला, खांच किती उरली. आणि ज्यांनीं स्पेसर बसविले आहेत, त्यांनीं ते काढून मूळ मापाचे टायर चढवावे. ट्रॅक्टरच्या चाकांतील अंतर पिकाच्या ओळीप्रमाणें बदलावयाचें असल्यास, कारखान्यानेंच रिम व तबकडी उलटसुलट बसविण्याची जी सोय दिलेली असते, तीच वापरावी. संस्थेच्या सभासदांनीं टायर एकत्र खरेदी केले, तर भावांतही कांहीं सवलत मिळूं शकेल. चार टायरांचा भार पेलण्याचा तो एक सरळ मार्ग आहे, व संचालक मंडळानें त्याचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

मळ्यावर जाणाऱ्या गाडींत मालक क्वचितच एकटा असतो. तिच्यांत रोजगारी बायका असतात, शाळेंत जाणारीं मुलें असतात, कधीं दवाखान्यांत न्यावयाचा आजारी मनुष्य असतो. त्यांतील कोणीही टायर निवडलेला नसतो, कोणीही स्पेसर आवळलेला नसतो. त्यांनीं आपल्या चार चाकांवर विश्वास टाकलेला असतो. त्या चाकांत एकमत ठेवणें हें मालकाचें काम आहे, आणि तें पुढच्या खेपेपूर्वीं झालें पाहिजे.